स्लाइडवर "दिसलं नाही" म्हणजे गोचीड ताप नाही असं नसतं

तुतीचं_फळ

नमस्कार मंडळी. मी गेली अकरा वर्षं जनावरांच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. इथे कुत्रीवाले, गोठेवाले, डॉक्टर सगळेच आहेत म्हणून हा धागा इथे काढतेय.

कारण एक तीन वर्षांची लॅब्राडोर आहे. जूनच्या शेवटी तिचं रक्त आमच्याकडे आलं. ताप १०४.४, दोन दिवस खाणं बंद, प्लेटलेट ३४ हजार, कानामागे गोचीड सापडलेले. चिठ्ठीवर लिहिलेलं, "गोचीड तापासाठी स्लाइड बघणे". त्या दिवशी माझ्यापुढे बावीस स्लाइड होत्या. मी ट्यूबमधल्या रक्ताची एक स्लाइड ओढली म्हणजे काचेवर थेंबाचा पातळ थर पसरवला, स्टेन केली म्हणजे रंगवली, मधल्या पातळ भागात चार-पाच मिनिटं फिरले, काही सापडलं नाही आणि रिपोर्टवर लिहिलं "निगेटिव्ह". डॉक्टरांनी रक्त घेतल्यावर लगेच डॉक्सीच्या म्हणजे डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, त्या मालकांनी चौथ्या दिवशी बंद केल्या, कारण रिपोर्ट निगेटिव्ह आलाय मग कशाला उगाच गोळ्या. कुत्री तशी बरी पण दिसायला लागली होती. दिवाळीनंतर ती परत आली तेव्हा नाकातून रक्त येत होतं, हिरड्या पांढऱ्या फटक, आणि या वेळी लाल, पांढऱ्या, प्लेटलेट सगळ्याच पेशी तळाला गेलेल्या. नाही वाचली.

तो "निगेटिव्ह" शब्द माझा होता. मी "तपासलेल्या भागात जंतू दिसले नाहीत" असं लिहायला हवं होतं आणि किती भाग तपासला तेही लिहायला हवं होतं. डॉक्टरांना हा फरक कळतो, मालकांना कळत नाही, आणि कळावा तरी कसा, आम्ही लिहीतच नाही तर.

कुत्र्यांमधल्या गोचीड तापाचा मुख्य जंतू म्हणजे एर्लिकिया कॅनिस. हा बॅक्टेरिया आहे पण उघड्यावर राहत नाही, रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या मोठ्या पांढऱ्या पेशीच्या पोटात शिरतो आणि तिथे वाढून त्याचा पुंजका होतो. त्या पुंजक्याला मोरुला म्हणतात, लॅटिनमध्ये मोरुला म्हणजे छोटी तुती, आणि खरंच पिकत आलेल्या तुतीसारखाच दिसतो, निळसर जांभळा, बारीक दाण्यादाण्यांचा, पेशीच्या केंद्रकाच्या बाजूला चिकटून बसलेला. एकदा नीट पाहिला की विसरत नाही. पण दिसतो फार कमी. ताप चढलेला असतानाच्या काळात साध्या स्लाइडवर शंभरातल्या चारेक कुत्र्यांमध्येच सापडतो असं संशोधन सांगतं आणि माझा अनुभव त्याहून वेगळा नाही. आधीच रक्तात मोनोसाइट थोड्या, त्यातल्या अगदी मोजक्या पेशींत जंतू, आणि आपण बघतो हजार पटीच्या लेन्सखाली म्हणजे एका वेळी स्लाइडचा एक कणभर तुकडा.

म्हणून विचारायचंय आणि सांगायचंय पण. तुमच्याकडे स्लाइड कशी करतात, रिपोर्टवर काय लिहितात?

मोतीची_आई

ताई वाचून पोटात कालवलं. आमच्या मोतीला मागच्या वर्षी हेच झालेलं, आमचंही स्लाइडमध्ये काही नाही म्हणाले होते, नशिबानं डॉक्टरांनी गोळ्या बंद करू दिल्या नाहीत, पूर्ण चार आठवडे दिल्या. एक विचारते, शंभरात चारच सापडत असतील तर स्लाइड करायचीच कशाला? ते किट मिळतं ना दोन थेंब टाकले की रेघ येते, ते सरळ करावं की.

कोकणी_पशुवैद्य

मोतीची आई, प्रश्न रास्त आहे, रोज कोणीतरी विचारतंच. किट जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीरानं बनवलेल्या अँटीबॉडी शोधतं. गोचीड चावल्यापासून आजार दिसायला एक ते तीन आठवडे जातात आणि अँटीबॉडी किटवर दिसण्याइतक्या व्हायला आणखी वेळ लागू शकतो, म्हणजे तापाच्या पहिल्या दिवसांत किट पण कोरं येऊ शकतं. आणि उलट बाजूनं, कुत्रं पूर्ण बरं झालं तरी अँटीबॉडी कित्येक महिने, कधी वर्षं राहतात. मोतीचं किट आज केलं तर बहुधा रेघ येईल, म्हणून काय आज मोती आजारी आहे असं नाही.

स्लाइडची ताकद वेगळी आहे. मोरुला दिसला तर विषय संपला, आत्ता या घडीला जंतू रक्तात आहे. शिवाय एकाच स्लाइडवर गोचिडांमुळेच होणारे दुसरे दोन परजीवी, बबेसिया आणि हेपॅटोझून, दिसतात, प्लेटलेट खरंच कमी आहेत का मशिननं गुठळ्यांमुळे कमी मोजल्यात तेही दिसतं. एर्लिकिया, बबेसिया, हेपॅटोझून या तिन्हींची औषधं वेगवेगळी आहेत. बबेसिया तर बॅक्टेरियाच नाही, त्याला डॉक्सी एकटी पुरत नाही. मी स्लाइडच्या रिपोर्टवाचून उपचार सुरू करतो पण स्लाइड केल्यावाचून करत नाही. घोळ वाटत असेल तर परत वाचा, आधी स्लाइडसाठी रक्त घ्यायचं, मग लगेच गोळी, रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही.

पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट, सगळ्यात भरवशाची पण तोही डॉक्सी सुरू करायच्या आधी घेतलेल्या रक्तावर.

तुतीचं_फळ

डॉक्टर, प्लेटलेटच्या गुठळ्यांचं बोललात ते फार महत्त्वाचं. त्यात भर म्हणजे प्लेटलेटमध्येच राहणारा पण एक जंतू आहे, अॅनाप्लाझ्मा प्लॅटिस. तो गोल निळा ठिपका होऊन प्लेटलेटच्या आत बसतो, आणि प्लेटलेट दर आठवड्या-दोन आठवड्यांनी पडतात, परत वर येतात, परत पडतात. ज्या दिवशी पडलेल्या असतील त्या दिवशी शोधायला प्लेटलेटच नसतात.

गोठेवाला_माणदेश

रामराम. कुत्र्यांचं चाललंय पण गाईंचं पण विचारतो, चालेल का. माझ्याकडे सात एचएफ गाई आहेत. मागच्या महिन्यात एक गाय चौथ्या वेताची, ताप आला, दूध एकदम अठरा लिटरवरून चारवर, शेण घट्ट काळं, डोळ्याच्या पापणीची आतली बाजू आधी पांढरी मग पिवळी. आमच्याकडं सगळे म्हणाले गोचीड ताप. जो माणूस आला त्यानं थायलेरियाचं महागाचं इंजेक्शन दिलं, दोन दिवसांनी परत दिलं, गाय काही उठेना. मग तालुक्याच्या डॉक्टरांनी कानातनं रक्त घेऊन काचेवर ओढलं आणि संध्याकाळी फोन करून सांगितलं की हा दुसराच आहे, लाल पेशीच्या कडेला ठिपके आहेत म्हणे. टेट्रासायक्लिनचं इंजेक्शन दिलं अन ती तीन दिवसांत चारा खायला लागली. मला एवढंच कळत नाही की गोचीड ताप म्हणजे नक्की किती आजार आहेत, कारण आम्ही सगळ्याला एकच म्हणतो.

कोकणी_पशुवैद्य

दादा, तुम्ही इतकं नीट वर्णन केलंय की अर्धं निदान त्यातच आहे. गाईंमध्ये गोचिडांमुळे होणारे मुख्य तीन. थायलेरिया, बबेसिया आणि अॅनाप्लाझ्मा. पहिले दोन प्रोटोझोआ म्हणजे एकपेशीय परजीवी, तिसरा बॅक्टेरिया. तुमच्या गाईला तिसरा होता.

बबेसियात लाल पेशी रक्तवाहिनीतच फुटतात म्हणून लघवी लाल, कॉफीसारखी होते. अॅनाप्लाझ्मात आजारी पेशी प्लीहा वेचून वेचून काढते, म्हणून कावीळ होते, गाय पांढरी पडते पण लघवीला रक्ताचा रंग येत नाही. लघवी लाल नव्हती ना? थायलेरियात खांद्यापुढची गाठ अंड्याएवढी सुजते आणि त्या गाठीतून सुईनं पाणी काढून स्लाइड केली की लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये निळे ठिपक्यांचे पुंजके दिसतात. थायलेरियाला बुपार्वाक्वोन लागतं, बबेसियाला डिमिनाझीन, अॅनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन. पहिल्या दोन इंजेक्शनांनी गाय का उठली नाही ते यात आलं. आणि चौथ्या वेताची म्हणालात, ते पण बसतं, हा आजार लहान वासरांना सौम्य होतो, मोठ्या जनावराला जोरात पाडतो.

गोठेवाला_माणदेश

नाही लघवी साफ होती. आधी कोणी विचारलंच नाही.

रंगपेटी

निवृत्त आहे, आयुष्यभर पॅथॉलॉजी शिकवली, म्हणून राहवत नाही. हा लाल पेशीच्या कडेचा ठिपका जगातल्या मोठमोठ्यांना चकवून गेलाय. १८९३ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी टेक्सास फीवर, म्हणजे गाईंमधला बबेसियाचाच आजार, गोचिडांमुळे पसरतो हे सिद्ध केलं, रोग कीटकासारख्या प्राण्यामार्फत पसरतो हे दाखवणारं ते सुरुवातीच्या कामांतलं एक मोठं काम. त्यांनाही पेशीच्या कडेला हे बारीक ठिपके दिसले होते पण ते बबेसियाचीच एक अवस्था आहे असं त्यांनी धरलं. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत आर्नॉल्ड थायलर यांनी ओळखलं की हा वेगळाच जंतू आहे, आणि कडेला म्हणजे मार्जिनला असतो म्हणून नाव दिलं अॅनाप्लाझ्मा मार्जिनेल. त्याच थायलर यांच्या नावावरून थायलेरिया हे नाव आहे. म्हणजे गोठेवाले दादांच्या गोठ्यात जो घोळ झाला तोच घोळ सतरा वर्षं अख्ख्या शास्त्राचा होता.

कुत्र्यातला एर्लिकिया १९३५ साली अल्जीरियात डोनाशियन आणि लेस्तोकार यांनी गोचिडांनी भरलेल्या कुत्र्यांत पाहिला. त्याकडे जगाचं खरं लक्ष गेलं ते व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराचे जर्मन शेफर्ड नाकातून रक्त येऊन मोठ्या संख्येनं मरायला लागले तेव्हा.

आता ठिपक्याबद्दल सावध करतो. लाल पेशीतला प्रत्येक जांभळा ठिपका अॅनाप्लाझ्मा नसतो. अॅनिमियातून शरीर सावरत असताना नव्या पेशींत केंद्रकाचा उरलेला तुकडा राहतो, हॉवेल-जॉली बॉडी, तीही गोल आणि गडद. कधी प्लेटलेट लाल पेशीच्या डोक्यावर येऊन बसते आणि आत असल्यासारखी दिसते, तेव्हा तिच्याभोवती फिकट कडं दिसतं. आणि सगळ्यात जास्त फसवतो तो स्टेनचा गाळ. मी मुलांना सांगायचो, फाइन फोकस थोडा वरखाली करा. जंतू पेशीच्याच पातळीवर फोकसमध्ये येतो आणि जातो, गाळ पेशीच्या वर तरंगतो आणि पेशी धूसर झाली तरी चमकत राहतो. आणि पेशी नसलेल्या मोकळ्या जागेत बघा, तिथेही तसेच ठिपके असतील तर स्लाइड फेकून नवी करा.

तुतीचं_फळ

सर, मोकळ्या जागेत बघायची सवय मला माझ्या पहिल्या सिनियरनं लावली. पावसाळ्याचं पण सांगायचंय. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये स्लाइड वाळतच नाही, आणि मिथेनॉलच्या बाटलीचं झाकण दिवसभर उघडझाप करून मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. अशा मिथेनॉलनं फिक्स केलेल्या, म्हणजे पेशी काचेवर पक्क्या केलेल्या, स्लाइडवर लाल पेशींमध्ये चकाकणारी भोकं पडतात, काचेत बुडबुडा असावा तशी, आणि नवीन पोरं तीच परजीवी म्हणून मोजतात. मी एका पावसाळ्यात एकाच दिवशी चार "बबेसिया पॉझिटिव्ह" परत तपासल्या, चारही पाणी निघाल्या. तेव्हापासून छोट्या बाटलीत रोजच्यापुरतं मिथेनॉल काढते, स्लाइड ओढली की लगेच हलवून वाळवते, हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून पण चालतो, आणि वाळली की त्याच तासाभरात फिक्स. उघडी ठेवलेली स्लाइड माश्या आणि झुरळं खातात हे ज्यांनी बघितलं नाही त्यांना खोटं वाटेल, सकाळी येऊन बघावं तर रक्ताच्या थरात कुरतडलेल्या वाटा.

त्या लॅब्राडोरनंतर मी काय बदललं तेही लिहिते. आता मी डॉक्टरांना फोन करून सांगते की ट्यूब पाठवाच पण कानाच्या टोकाला टोचून निघालेल्या थेंबाची एक स्लाइड तिथेच ओढून पाठवा. ट्यूबमध्ये रक्त तासन्‌तास राहिलं की पेशी फुगतात, त्यांत पोकळ्या होतात, मग आतलं काही ओळखू येत नाही. आणि ट्यूबमधल्या रक्ताची मी बफी कोट करते. केसासारखी काचेची नळी असते, तीत रक्त भरून एक टोक बंद करून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, खाली लाल, वर पिवळसर पाणी आणि मध्ये दोऱ्याएवढा पांढरा थर. सगळ्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट त्या थरात गोळा झालेल्या असतात. तिथे कानशीनं खरवडून नळी मोडायची आणि तो पांढरा थेंब स्लाइडवर ओढायचा. साध्या स्लाइडवर शंभर पांढऱ्या पेशी बघायला जितका वेळ जातो तितक्यात इथे काही हजार होतात. सापडण्याचं प्रमाण खरोखर बदलतं, मला बदललेलं दिसलंय.

साध्या स्लाइडवर पण मी आता मध्यात फिरत नाही. मोठ्या पेशी ओढताना शेपटाकडे आणि दोन्ही कडांना ढकलल्या जातात, मोनोसाइट तिथे असतात. म्हणजे ज्या जागा आम्हाला शिकताना "इथे बघू नका" सांगितल्या होत्या त्याच जागा. लिम्फोसाइटमध्ये लालसर दाणे दिसले तर मात्र घाई करू नका, या आजारात दाणेदार लिम्फोसाइट वाढतात आणि ते दाणे मोरुला नसतात.

दोडामार्गकर

आमच्याकडे सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडताप आहे, तोही गोचिडांमुळेच. काजूच्या बागेत जाणाऱ्या माणसांना होतो. तर आमच्या गावात लोक ताप आला की म्हणतात रक्ताची काच करून घ्या, काचेत नाही आला तर माकडताप नाही. हे बरोबर का? कारण माझ्या काकांच्या बाबतीत तसंच झालेलं, मलेरियाची काच केली, काही नाही म्हणून घरी बसले, मग पाचव्या दिवशी धावपळ.

कोकणी_पशुवैद्य

नाही, अजिबात बरोबर नाही, कृपा करून गावात सांगा. माकडताप म्हणजे क्यासनूर जंगल ताप हा व्हायरस आहे, १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात सापडला. व्हायरस आपल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसूच शकत नाही, काच कितीही चांगली असो. त्याला आरटीपीसीआर किंवा अँटीबॉडीची आयजीएम टेस्ट लागते. काचेवर मलेरिया नाही एवढंच कळतं. जंगलात गेलेल्या माणसाला ताप आला तर आरोग्य केंद्रात "मी जंगलात जातो, गोचीड चावतात" हे वाक्य स्वतःहून सांगायचं.

माणसांतला टिक टायफस पण गोचिडाचा आणि तो बॅक्टेरियाच, पण तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात राहतो, रक्तात फिरणाऱ्या पेशींत नाही, त्यामुळे तोही काचेवर येत नाही. गोचीड एकच, पण आत काय काय आहे त्यावर काच उपयोगी का नाही ते ठरतं.

मिनेसोटाकर

इथे अमेरिकेत माणसांना जो अॅनाप्लाझ्मोसिस होतो तो काचेवर दिसतो. १९९४ मध्ये इथल्याच म्हणजे मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या रुग्णांवरून माणसातला हा आजार वर्णन झाला. आमच्या शेजाऱ्यांना मागच्या जूनमध्ये झालेला, ताप, भयंकर डोकेदुखी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही कमी. सगळ्यांना वाटलं व्हायरल. लॅबमधल्या बाईंनी मशिनचा रिपोर्ट बघून स्वतःहून स्लाइड काढली आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीत मोरुला दिसला, संध्याकाळी डॉक्सी सुरू, दोन दिवसांत माणूस अंगणात. कुत्र्यात मोनोसाइट तर इथे न्यूट्रोफिल, एवढाच फरक का?

तुतीचं_फळ

जंतू पण वेगळा, तो अॅनाप्लाझ्मा फॅगोसायटोफिलम, पण दिसायला तसाच तुतीचा पुंजका. न्यूट्रोफिल रक्तात भरपूर असतात म्हणून तो सापडतो पण जास्त वेळा. त्या बाईंनी मशिनवर न थांबता स्लाइड काढली ते वाचून फार बरं वाटलं.

मोतीची_आई

ताई, मग आता तुम्ही रिपोर्टवर काय लिहिता?

तुतीचं_फळ

आता असं लिहिते: "कानाच्या रक्ताची स्लाइड आणि बफी कोट, जिम्सा स्टेन, ऑइल इमर्शनखाली इतके भाग तपासले, एर्लिकिया, अॅनाप्लाझ्मा, बबेसिया, हेपॅटोझून दिसले नाहीत. यावरून आजार नाही असं म्हणता येत नाही. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय थांबवू नये." शेवटची दोन वाक्यं मराठीत लिहिते आणि ठळक करते. रिपोर्ट लांब होतो म्हणून सुरुवातीला कुरकुर झाली, मी ऐकलं नाही.

गोठेवाला_माणदेश

ताई, डॉक्टर, आज सकाळपासनं दुसऱ्या गाईला ताप आहे. १०५. दूध निम्म्यावर. पापणी अजून गुलाबी आहे. टेट्रासायक्लिनची बाटली घरात शिल्लक आहे, देऊन टाकू का? तालुक्याचे डॉक्टर संध्याकाळी येतील म्हणाले.

कोकणी_पशुवैद्य

दादा थांबा, अंदाजानं देऊ नका, आणि ते औषध शिरेत देताना चुकलं तर गाय जागेवर बसते. डॉक्टर संध्याकाळी येतायत ना, मग तोपर्यंत सावली, पाणी, अंगावर ओलं पोतं. पापणी गुलाबी आहे म्हणजे तुम्ही लवकर पकडलंय. अॅनाप्लाझ्मात गाय पांढरी पडायच्या आधीच ठिपके वाढत असतात, म्हणून आजची स्लाइड बोलेल. इंजेक्शन पडल्यावर घेतलेल्या स्लाइडचा तितका भरवसा राहत नाही. लघवीचा रंग बघून ठेवा आणि खांद्यापुढच्या गाठी दोन्ही बाजूंनी चाचपून बघा.

तुतीचं_फळ

दादा, डॉक्टरांना सांगा दोन स्लाइड ओढा, इंजेक्शनच्या आधी, आणि गाठ सुजलेली असेल तर गाठीची तिसरी. स्लाइडच्या जाड टोकाला रक्तावरच पेन्सिलनं गाईचा बिल्ला नंबर आणि तारीख लिहायची, पेनची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते. पूर्ण वाळली की टिशू पेपरमध्ये एकेक वेगळी गुंडाळायची, रक्ताच्या बाजूला रक्त लागू द्यायचं नाही, आणि काडेपेटीत घालून रबर लावायचं. फॉर्मॅलीनची बाटली असलेल्या डब्यात ठेवू नका, त्याच्या वाफेनं स्टेन बिघडतो. तालुक्याला बघायला कोणी नसेल तर मला मेसेज करा, एसटीनं पाठवलीत तरी चालेल, मी उद्या लॅबमध्ये सातपर्यंत आहे.

गोठेवाला_माणदेश

गाठी नाहीत. लघवी साफ आहे. काडेपेटी रिकामी करून ठेवली.